चाकं बाहेर की आत? उड्डाण प्रशिक्षकांना, परीक्षकांना आणि चेकलिस्ट लिहिणाऱ्यांना खुलं पत्र

सन्माननीय प्रशिक्षक, परीक्षक आणि विमानांची हँडबुकं तयार करणारे सर्व जण,

सप्रेम नमस्कार.

इंजिन बंद पडलंय, धावपट्टी आवाक्यात नाही आणि समोर जी जमीन दिसतेय तिच्यावरच उतरायचंय. विमानाची चाकं आत ओढून घेता येणारी असतील, तर अशा वेळी ती बाहेर काढायची की आतच ठेवायची? मी विद्यार्थ्यांना हा प्रश्न नेहमी विचारते. उत्तर बहुतेक वेळा एका दमात येतं: "धावपट्टी असेल तर बाहेर, शेत असेल तर आत." का, असं विचारलं की म्हणतात, "चाक रुतेल आणि विमान पालथं होईल." त्यापुढे एक "का" विचारला की गप्प. कुठलं शेत? किती ओलं? तुमच्या विमानाच्या इंधनाच्या टाक्या कुठे आहेत? चाकांचे पाय कशाला जोडलेले आहेत? हँडबुक काय सांगतं? यातलं काहीच त्या उत्तरात नसतं.

हे पत्र लिहिण्याचं कारण एवढंच. हा एका ओळीचा नियम आपण शिकवणं थांबवावं. त्याच्या जागी विद्यार्थ्याला खरा हिशेब शिकवावा आणि तो हिशेब इंजिन बंद पडण्याच्या आधीच त्याच्या डोक्यात तयार असेल अशी व्यवस्था करावी.

आधी त्या नियमाच्या बाजूने बोलते, कारण तो उगाच आलेला नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली बहुतेक लढाऊ विमानं शेपटीखाली छोटं चाक असलेली होती. पुढे लांबलचक जड इंजिन, मुख्य चाकं गुरुत्वमध्याच्या, म्हणजे वजनाच्या मध्यबिंदूच्या, पुढे आणि वैमानिकाच्या डोक्यावर पातळ काचेचं छत. असं विमान मऊ जमिनीवर चाकं काढून उतरलं आणि चाक रुतलं, की नाक जमिनीत जायचं, शेपूट वर उठायची आणि विमान पाठीवर पडायचं. छत चिरडायचं आणि आतला माणूस पट्ट्याला उलटा लटकत अडकून राहायचा. खाली इंधन गळत असेल तर पुढे काय होत असेल ते सांगायला नको. त्या विमानांसाठी पोटावर उतरणं हाच शहाणपणा होता. विमानं बदलली, मुख्य चाकं गुरुत्वमध्याच्या मागे गेली, पुढे नाकाखाली तिसरं चाक आलं, खुर्च्या आणि पट्टे बदलले. नियम मात्र पिढ्यान् पिढ्या तोंडी पुढे जात राहिला आणि त्यामागचं कारण वाटेत गळून पडलं.

आता हिशेबाकडे येऊ. जमिनीवर येणाऱ्या विमानाला दोन दिशांची ऊर्जा संपवायची असते: पुढे जाण्याची आणि खाली येण्याची. वैमानिकांच्या गप्पांत पुढच्या दिशेचीच चर्चा जास्त होते, कारण ती डोळ्यांना दिसते. झाडं, दगड, बांध अंगावर येताना दिसतात. पण पुढच्या दिशेने शरीर बरंच सोसतं, फक्त थांबायला थोडं अंतर मिळायला हवं. ताशी 80 किलोमीटर वेग गुरुत्वाच्या 9 पट जोराने, सलग सारखा कमी होत गेला, तर थांबायला जेमतेम 2.8 मीटर लागतात. वेग दुप्पट, म्हणजे ताशी 160 किलोमीटर असेल तर तेच अंतर चौपट होऊन 11 मीटरच्या वर जातं. म्हणून आपण वाऱ्याच्या तोंडावर उतरा, वेग कमी ठेवा, पंख झाडांत जाऊ द्या पण केबिन वाचवा असं शिकवतो. हे शिक्षण चांगलं आहे आणि ते तसंच चालू राहावं.

खालच्या दिशेची गोष्ट वेगळी आहे. तिथे थांबायला मीटर मिळत नाहीत, सेंटिमीटर मिळतात. समजा विमान मिनिटाला 1000 फुटांच्या वेगाने खाली येऊन आदळलं. सेकंदाला साधारण 5 मीटर. ही खाली येण्याची गती चाकांच्या पायांनी 20 सेंटिमीटरमध्ये, म्हणजे वीतभर अंतरात जिरवली, तर अंगावर साधारण साडेसहा पट गुरुत्वाचा भार येतो. दणका मोठाच, पण पट्टा नीट बांधलेला असेल तर माणूस त्यातून उठतो. तीच गती पोटाखालचा पत्रा फक्त 5 सेंटिमीटर दबून थांबवू शकला, तर भार 26 पट होतो. हा भार सरळ खुर्चीतून वर येतो आणि कमरेच्या मणक्यांवर बसतो. मोठ्या प्रवासी विमानांच्या खुर्च्यांची चाचणी घेताना समोरून 16 पट आणि खालच्या दिशेने 14 पट गुरुत्वाचा हबका देतात, आणि कमरेच्या कण्यावरचा भार 1500 पौंडांच्या वर जाऊ नये अशी अट असते. खालच्या दिशेचा आकडा पुढच्या दिशेपेक्षा कमी आहे, यातच शरीर कुठे कमजोर आहे ते कळतं. माझे आकडे सोपे करून मांडलेले आहेत. प्रत्यक्षात भार असा सारखा लागत नाही. पण वीत आणि दोन बोटं यातला फरक एकदा कागदावर मांडून दाखवला, की विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावरचा भाव बदलतो.

चाकाचा पाय नेमकं काय करतो, हेही आपण फारसं दाखवत नाही. पुढच्या वेळी हँगरमध्ये विद्यार्थ्याला मुख्य चाकापाशी उकिडवं बसवा. ओलिओ स्ट्रट, म्हणजे तेल आणि वायू भरलेला धक्का झेलणारा पाय, असेल तर त्याचा चकचकीत दांडा त्याला दाखवा. वरच्या नळीत तेल आणि दाबाखालचा नायट्रोजन असतो. चाक जमिनीला लागलं की दांडा वर सरकतो आणि तेलाला एका बारीक छिद्रातून जबरदस्तीने जावं लागतं. त्या घुसळणीत ऊर्जेची उष्णता होते. नायट्रोजन दाबला जातो आणि नंतर पायाला परत उभं करतो. टायर दबतो, पाय वाकतो, जोड ताणले जातात. त्याच्याही पुढे भार गेला तर पाय मोडतो, आणि मोडतानाही ऊर्जा खातो. प्रवासी विमानाचं लँडिंग गिअर, म्हणजे चाकं आणि त्यांचे पाय, उतरण्याच्या वजनावर सेकंदाला 10 फूट वेगाने आदळलं तरी टिकेल असं बनवलेलं असतं आणि 12 फुटांपर्यंतची राखीव क्षमता चाचणीत दाखवावी लागते. शिवाय ते भाराने तुटलंच तर आग लागेल इतकं इंधन सांडू नये अशी रचना करण्याचा नियम आहे. म्हणजे ते तुटणार हे धरूनच बनवलेलं असतं. कसं तुटावं, एवढं आधी ठरवलेलं असतं.

17 जानेवारी 2008 ला हीथ्रोवर ब्रिटिश एअरवेजची 38 क्रमांकाची फ्लाइट धावपट्टीच्या अलीकडेच गवतावर आदळली. बोइंग 777, विमानात 152 जण. इंधनवाहिनीत तयार झालेला बर्फ तेल आणि इंधनाच्या उष्णता-विनिमयकाच्या तोंडाशी अडकला आणि दोन्ही इंजिनांनी ऐन वेळी मागितलेली ताकद दिली नाही. विमान मिनिटाला साधारण 1400 फुटांच्या वेगाने खाली आलं. चाचणीत दाखवलेल्या राखीव मर्यादेच्या हा जवळजवळ दुप्पट वेग. चाकं बाहेर होती. उजव्या बाजूचं मुख्य गिअर तुटून वेगळं झालं, डाव्या बाजूचं पंखातून वर घुसलं. हजारो किलो इंधन गळलं, पण आग लागली नाही. कोणीही दगावलं नाही. गंभीर दुखापत एका प्रवाशाला झाली, पाय मोडला, आणि तोही तुटलेल्या गिअरचे भाग केबिनमध्ये घुसल्यामुळे. या एका घटनेत दोन्ही बाजू आहेत. चाकांनी दीडशे माणसांचे मणके वाचवले आणि एकाचा पाय मोडला. विद्यार्थ्यांना ही दोन्ही वाक्यं एकत्र सांगायला हवीत.

लहान विमानांत याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण पॅराशूट असलेल्या सिरस विमानांचं आहे. आख्खं विमान छत्रीखाली लटकत मिनिटाला साधारण 1700 फुटांनी खाली येतं. चार मीटर उंचीवरून सोडून दिल्यासारखा तो आघात असतो. तिथे पंखांचा उपयोग नाही, फ्लेअर (टेकण्याआधी नाक उचलून वेग मोडणं) नाही, वैमानिकाच्या हातात काही नाही. त्या आघाताचा पहिला घास घ्यायला पक्की, आत न जाणारी चाकं आहेत आणि त्यानंतर खुर्चीखालचा दबणारा भाग. ते विमान बनवणाऱ्यांनी चाकं हा अपघात सोसण्याचा अवयव म्हणूनच मोजलेला आहे.

मग चाकं नेहमीच बाहेर काढावीत का? नाही. पाण्यावर उतरायचं असेल तर चाकं आत, हे चाकं आत जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येक विमानाच्या पुस्तकात सापडेल. पाण्यात चाक घुसलं की पायाशी ओढ लागते आणि वरचं सगळं विमान पुढे पालथं व्हायला बघतं. जमिनीवर आणि पाण्यावर दोन्हीकडे उतरू शकणारी ॲम्फिबियन विमानं चालवणाऱ्यांना ही भीती रोजची असते. चुकून चाकं बाहेर ठेवून पाण्यावर उतरलेलं ॲम्फिबियन क्षणात उलटतं, म्हणून ते लोक उतरण्याआधी "पाणी, चाकं वर" असं मोठ्याने बोलतात. 15 जानेवारी 2009 ला हडसन नदीवर उतरलेल्या एअरबस ए320 ची चाकं आतच होती आणि विमानातले सगळे 155 जण वाचले. चिखलाने भरलेलं रान, खोल बर्फ, पायाखाली दबणारी ताजी नांगरट, या ठिकाणीही चाकं आत ठेवण्याला बळकट कारण आहे. जमीन सपाट आणि मऊ असेल, पुढे भरपूर मोकळं असेल आणि विमान हलक्या हाताने टेकवता येईल याची खात्री असेल, तर पोटावर उतरल्याने विमानाचं नुकसानही कमी होऊ शकतं. या वाक्यातला शेवटचा "तर" फार मोठा आहे. हलक्या हाताने टेकवता येणार असेल तर. खाली येण्याचा वेग ताब्यात असेल तर. इंजिन बंद, घाबरलेला माणूस, झाडांवरून शेवटच्या क्षणी ओढून घेतलेलं नाक, संपलेला वेग, अशा स्थितीत तो "तर" उरत नाही.

आता ज्या ठिकाणी मला सगळ्यात जास्त थांबावंसं वाटतं तिथे येते, कारण इथे अधिकृत सल्लेसुद्धा एका सुरात बोलत नाहीत आणि विद्यार्थ्याला ते कधी सांगितलं जात नाही. सेस्नाच्या चाकं आत जाणाऱ्या 172आरजी आणि 182आरजी या विमानांच्या चेकलिस्टमध्ये इंजिनाविना उतरताना गिअरसाठी "खाली" असं लिहिलेलं आहे, आणि कंसात "जमीन खडबडीत किंवा मऊ असेल तर वर". अमेरिकेच्या विमानवाहतूक नियामक संस्थेच्या, एफएएच्या, उड्डाण हँडबुकात मात्र असं मांडलंय की खडबडीत प्रदेशात, झाडांत किंवा जोरात खाली आदळताना बाहेर असलेली चाकं केबिनचं रक्षण करतात. फक्त गिअर कोसळून इंधनाची टाकी फुटण्याचा धोका त्यासमोर तोलून पाहावा, आणि शेवटी उत्पादकाचं पुस्तक पाळावं. एअरबस ए320 मध्ये दोन्ही इंजिनं गेल्यावर जमिनीवर उतरायचं तर गिअर खाली, पाण्यावर उतरायचं तर वर, इतकी सरळ विभागणी आहे. बोइंगच्या प्रशिक्षण साहित्यात, गिअरचा एखादा भाग अडकला तर जेवढी चाकं उपलब्ध आहेत तेवढ्यांवर उतरा असं सांगितलंय, कारण पहिला धक्का गिअर घेतं आणि विमानाचं अंग जमिनीला टेकायला वेळ लागतो.

"खडबडीत" या एकाच शब्दावर एक पुस्तक वर म्हणतं आणि दुसरं खाली. यातलं कोणी चूक नाही. त्या सेस्नांचे पंख वर असतात, टाक्या पंखांत म्हणजे डोक्यावर, आणि मुख्य चाकांचे पाय पोटातून बाहेर येतात. पाय मोडला तरी टाकी फुटण्याचा थेट संबंध कमी. त्यांची चिंता नाकाचं चाक खड्ड्यात अडकून विमान उलटण्याची. पंख खाली असलेल्या विमानात चाकं पंखालाच जोडलेली असतात आणि टाकी शेजारीच. तिथे पाय मोडून वर घुसला तर इंधनाचा प्रश्न आधी येतो, पण पोटावर आदळलं तर बसणारा माणूस जमिनीपासून अगदी जवळ असतो हेही खरं. मोठ्या विमानात पंखाखाली इंजिनं लटकलेली असतात आणि गिअर ठरल्या जागी तुटावं म्हणून खास पिना बसवलेल्या असतात. एकाच प्रश्नाची ही तीन वेगळी उत्तरं तीन वेगळ्या यंत्रांमुळे आहेत. ए-10 या लष्करी विमानाची मुख्य चाकं तर आत गेल्यावरही अर्धी बाहेर राहतात, म्हणजे गिअर उतरलंच नाही तरी विमान त्यांच्यावरच टेकावं. ज्या वैमानिकाला आपलं यंत्र कुठे कच्चं आहे हे माहीत आहे त्याला नियम पाठ करावा लागत नाही.

इतिहासही एका बाजूचा नाही. 24 मे 1988 ला टाका एअरलाइन्सचं 737 गारा आणि पावसात दोन्ही इंजिनं गमावून न्यू ऑर्लिन्सजवळ एका बंधाऱ्यालगतच्या गवताच्या पट्ट्यावर चाकं काढून उतरलं. कोणाला गंभीर इजा झाली नाही आणि नंतर ते विमान तिथल्याच एका रस्त्यावरून उडवून नेलं. 15 ऑगस्ट 2019 ला उरल एअरलाइन्सचं ए321 मॉस्कोजवळ पक्षी इंजिनांत गेल्यामुळे मक्याच्या शेतात पोटावर उतरलं, चाकं आत, आणि सगळे 233 जण वाचले. 12 सप्टेंबर 2023 ला त्याच कंपनीचं ए320 हायड्रॉलिक बिघाडानंतर इंधन संपत आल्यामुळे नोवोसिबिर्स्कच्या परिसरातल्या शेतात उतरलं. या वेळी चाकं बाहेर होती. इथेही सगळे वाचले, आणि विमान शेतात आपल्या पायांवर उभं राहिलं. मक्याचं उभं पीक असलेलं शेत आणि कापणी झालेलं घट्ट रान यात फरक असतो, हे नांगराशी कधी संबंध न आलेल्या विद्यार्थ्याला आपण समजावून सांगतो का? वरून हिरवं, पिवळं, तपकिरी दिसणाऱ्या तुकड्यांतून जमिनीचा घट्टपणा कसा ओळखायचा, सरी कोणत्या दिशेला आहेत हे कसं पाहायचं आणि सरींच्या बाजूनेच का उतरायचं, यावर एक अख्खा तास द्यायला हवा असं माझं ठाम मत आहे.

पोटावर उतरण्याबद्दल आणखी एक समज खोडायला हवा. पोट जमिनीला लागलं की विमान लवकर थांबतं, असं अनेकांना वाटतं. कधी थांबतं. 23 जुलै 1983 ला इंधन संपलेलं एअर कॅनडाचं 767 गिमलीच्या बंद झालेल्या धावपट्टीवर उतरलं, तेव्हा गुरुत्वाने सोडलेलं नाकाचं गिअर लॉक झालं नव्हतं. ते कोसळलं, नाक घासत गेलं आणि त्या घर्षणाने विमान थांबायला मदतच झाली. पण ओल्या गवतावर गुळगुळीत पत्रा लांब घसरतो. ब्रेक गेलेले असतात, दिशा देणारं चाक नसतं, समोर झाड आलं तर वळवायचं कशाने? 29 डिसेंबर 2024 ला दक्षिण कोरियात मुआनमध्ये जेजू एअरचं 737 पोटावर उतरून धावपट्टी संपेपर्यंत घसरत गेलं आणि पुढच्या काँक्रीट असलेल्या बांधावर आदळलं. 181 पैकी 179 जण गेले. तो बांध तिथे का होता हा प्रश्न स्वतंत्र आणि गंभीर आहे. मी ही घटना सांगते ती घसरणाऱ्या विमानाला वैमानिक थांबवू शकत नाही एवढ्यासाठीच.

आता वेळेचा प्रश्न. इथे आपलं प्रशिक्षण सगळ्यात कच्चं आहे असं मला वाटतं. चाकं बाहेर काढली की हवेचा विरोध वाढतो आणि ग्लाइड, म्हणजे इंजिनाविना तरंगत कापता येणारं अंतर, आखूड होतं. लवकर काढली तर शेताच्या अलीकडे पडू, उशिरा काढली तर अर्धवट उघडलेल्या पायांवर आदळू. अर्धवट गिअर हे दोन्ही पर्यायांपेक्षा वाईट. शिवाय अनेक लहान विमानांत गिअर विजेवर चालणाऱ्या हायड्रॉलिक पंपाने उतरतं. विद्यार्थ्याने इंधन, मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारं यंत्र), मास्टर स्विच (सगळ्या विजेचा मुख्य खटका) असं सगळं घाईने बंद केलं आणि मग गिअरचा दांडा खाली ओढला, तर काहीच होणार नाही. म्हणून सेस्नाच्या त्या चेकलिस्टमध्ये गिअर आधी आहे आणि मास्टर स्विच शेवटी. हा क्रम पाठ करून घेण्यापेक्षा तो तसा का आहे हे सांगितलेलं विद्यार्थी विसरत नाही. उलट बाजूची गोष्ट म्हणजे पायपर ॲरोच्या अनेक विमानांत वेग कमी झाला आणि पॉवर बंद असली की गिअर आपोआप खाली येण्याची सोय होती. इंजिन बंद पडलेल्या वैमानिकाला ग्लाइड लांबवायचं असताना किंवा पाण्यावर उतरायचं असताना ही सोय त्याच्या विरोधात जाते, आणि ती थोपवण्यासाठीचा वेगळा लिव्हर कुठे आहे हे त्याला अंधारातही माहीत हवं.

गेल्या काही काळात एका चांगल्या विद्यार्थ्याबरोबरचं सराव-उड्डाण माझ्या मनात घर करून राहिलंय. मी थ्रॉटल मागे घेऊन इंजिनाची ताकद काढून घेतली. त्याने वेग धरला, शेत निवडलं, वारा ओळखला, उत्तम वळण घेतलं. सगळं पुस्तकाबरहुकूम. 500 फुटांवर मी "गो अराउंड" म्हणाले आणि आम्ही वर गेलो. खाली आल्यावर मी विचारलं, चाकांचं काय ठरवलं होतंस? तो म्हणाला, "मॅडम, ते ठरवायची वेळच आली नाही." त्याचं म्हणणं खरं होतं. सुरक्षेसाठी आपण सराव 500 फुटांवर सोडतो, आणि चाकांचा निर्णय तर त्याच्या आधीच घ्यायचा असतो. पण तो मोठ्याने बोलायला कोणी लावत नाही. म्हणून शेकडो सराव करूनही हा एक निर्णय बहुतेक वैमानिकांनी आयुष्यात एकदाही घेतलेला नसतो.

चेकलिस्ट लिहिणाऱ्यांना इथेच एक सांगायचंय. हडसनच्या विमानाला पक्षी धडकल्यापासून पाण्याला टेकेपर्यंत साधारण साडेतीन मिनिटं मिळाली. त्या वैमानिकांपुढची दोन्ही इंजिनं बंद पडल्याची चेकलिस्ट तीन पानांची होती आणि ती खूप उंचीवर बिघाड होईल असं गृहीत धरून लिहिलेली होती. ते तिचा पहिला भाग जेमतेम करू शकले आणि पाण्यावर उतरण्यासाठीचं जे बटण होतं तिथपर्यंत पोचलेच नाहीत. अमेरिकेच्या तपास मंडळाने हे नोंदवलेलं आहे. लहान विमानात 1000 फुटांवर इंजिन गेलं तर मिनिटभरच हातात असतं. अशा वेळी चाकांबद्दलची ओळ पानाच्या तळाशी, सातव्या की नवव्या जागी असेल, तर ती वाचली जाणार नाही. कमी उंचीसाठी वेगळी, तीन-चार ओळींची यादी करा. तिच्यात पृष्ठभागानुसार गिअरची जागा स्पष्ट लिहा: घट्ट जमीन, मऊ जमीन, झाडं, पाणी. "भूप्रदेशानुसार" एवढंच लिहून मोकळं होऊ नका. ज्याला भूप्रदेश वाचता येत नाही त्याला त्या शब्दाचा काही उपयोग नाही.

विमा, मालकाचा खर्च, वाकलेला प्रोपेलर, बदलावं लागणारं इंजिन, हे सगळं या निर्णयातून बाहेर ठेवा. विद्यार्थ्यासमोर त्याची चर्चासुद्धा करू नका.

प्रशिक्षकांना माझी विनंती अशी. प्रत्येक इंजिन-बंद सरावात, शेत निवडताच विद्यार्थ्याला मोठ्याने सांगायला लावा: पृष्ठभाग काय, चाकं कुठे, का. मग एक उंची ठरवून घ्या. मी जमिनीपासून 500 फूट धरते, तुमच्या विमानात गिअरला जास्त वेळ लागत असेल तर ती आणखी वर न्या. त्या उंचीला निर्णय पक्का झालेला असला पाहिजे, आणि तिच्याखाली त्या दांड्याला हात लावायचा नाही. बाहेर म्हटलंत तर चाकं लॉक झाल्याचे तीन हिरवे दिवे त्याआधीच दिसले पाहिजेत. दोनच दिसले तर पुढे काय, हेही आधीच बोलून ठेवलेलं हवं. हातपंप किंवा गुरुत्वाने गिअर सोडण्याची पद्धत वर्षातून एकदा तरी प्रत्यक्ष, जॅकवर चढवलेल्या विमानात करून बघायला लावा. 1 नोव्हेंबर 2011 ला वॉर्सामध्ये पोलंडच्या लॉट कंपनीचं 767 पोटावर उतरलं. हायड्रॉलिक गळती होती आणि पर्यायी गिअर-यंत्रणा चालली नाही, कारण तिचा एक सर्किट ब्रेकर बाहेर आलेला होता. सगळे 231 जण सुखरूप उतरले, वैमानिकांच्या हाताला सलाम. पण ब्रेकरची ती रांग डोळ्यांखालून घालायची सवय प्रशिक्षणातच लागते.

आणि एक गोष्ट निक्षून शिकवा: पोट किंवा इंजिन जमिनीला घासलं की उड्डाण संपलं. 22 मे 2020 ला कराचीत पीआयएचं ए320 चाकं आत असताना धावपट्टीवर इंजिनांवर घासत गेलं, वैमानिकांनी पुन्हा उड्डाण घेतलं, आणि खराब झालेली दोन्ही इंजिनं थोड्याच वेळात बंद पडून विमान वस्तीवर कोसळलं. 99 पैकी 97 जण गेले. तिथे चाकं बाहेर नाहीत हे वेळेत कोणाच्या लक्षात आलं नाही ही पहिली गोष्ट, पण घासल्यानंतर वर जाणं ही दुसरी.

परीक्षकांसाठी शेवटची मागणी. तोंडी परीक्षेत "चाकं वर की खाली" असा प्रश्न विचारू नका, त्याचं पाठ केलेलं उत्तर येणारच. वरून काढलेला एक फोटो समोर ठेवा. त्यात एक तळं असू दे, एक नांगरलेलं रान, एक कापणी झालेलं रान आणि एक झाडांची रांग. उमेदवाराला सांगा, तू आज ज्या विमानात परीक्षा देतो आहेस त्याच विमानाचं इंजिन 1500 फुटांवर गेलं, वारा या बाजूने आहे. कुठे जाशील, चाकं कुठे ठेवशील, कधी ठरवशील आणि त्यात तुझ्या विमानाचं काय मोडेल? हँडबुक उघडून बघायचं असेल तर बघू द्या. पण काय मोडेल आणि का, हे ज्याला सांगता येणार नाही त्याच्या कागदावर सही करू नका.

आपली सहकारी,
एक उड्डाण प्रशिक्षक